केडगांवचें बार्तिमी सदन

भिंगार हें नांव इतिहासाच्या वाचकाला ठाऊक असतें तें एका मृत्यूमुळें. इ. स. १७०७ च्या मार्च महिन्याच्या ३ तारखेस औरंगजेब बादशहानें अहमदनगरजवळ या गांवच्या शिवारांत प्राण सोडला. त्याचा देह खुलताबादेस नेण्यांत आला. भिंगारशेजारची ती जागा मात्र अजून आलमगीर या नांवानेंच ओळखली जाते. पुढें १८०३ सालीं वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतला, लष्कराची छावणी पडली, आणि छावणीशेजारचा गांव अशी भिंगारची दुसरी ओळख झाली. बादशहा, किल्ला आणि पलटणी यांच्या नोंदी भरपूर सांपडतात. परंतु याच नगर-भिंगारांत पिढ्यान्‌पिढ्या माग चालत आणि लुगडीं विणलीं जात. त्या घरांवर दुष्काळानें काय ओढवलें याची आठवण कोणी फारशी ठेवलेली नाहीं. दुष्काळ पडला कीं शेतकऱ्याच्या बरोबरीनें विणकरही बुडतो. पोटाला दाणा नाहीं तेथें नवें लुगडें कोण घेणार?

अहमदनगर जिल्हा, ज्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे, हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला प्रदेश. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत तीन मोठे दुष्काळ त्यानें पाहिले: १८७६ ते ७८, १८९६-९७ आणि १८९९-१९००. किती माणसें मेलीं हें सांगण्याचा प्रयत्न पुस्तकें करतात. पण जीं मेलीं नाहींत त्यांचें काय झालें, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आणि येथें सांगावयाची हकीकत त्या न मेलेल्यांची आहे. त्यांतही ज्यांचे प्राण वाचले पण डोळे गेले, अशा मुलींची.

दुष्काळाचा आणि डोळ्यांचा संबंध काय, असें वाटण्याचा संभव आहे. त्या काळच्या डॉक्टरांनाही तो पुरता उलगडलेला नव्हता. दूध, लोणी, हिरवा भाजीपाला यांतून मिळणारें अ जीवनसत्त्व संशोधकांच्या हातीं लागलें तें १९१३ सालीं. तें शरीराला मिळेनासें झालें कीं लहान मुलाला प्रथम दिवेलागणीनंतर दिसेनासें होतें. यालाच आपल्याकडे रातांधळेपणा म्हणतात. मग डोळ्यांतला ओलावा आटतो, बुबुळ कोरडें व निस्तेज होतें, आणि उपासमार तशीच चालू राहिली, त्यांत गोंवर किंवा हगवण लागली, तर तें मऊ पडून कांहीं दिवसांतच कायमचें निकामी होतें. दुष्काळांत गाय विकली जाते, पालेभाजी करपते, आणि आईचें दूधही आटतें. तेव्हां डोळ्यांना लागणाऱ्या वस्तु सर्वांत आधीं नाहींशा होतात. जोडीला देवीची सांथ. देवींतून उठलेल्या मुलाच्या डोळ्यांत फूल पडलें, हें वाक्य गेल्या शतकापर्यंत महाराष्ट्रांतील घरोघर ऐकूं येत असे. देवीचा रोग भारतांतून १९७५ सालीं गेला, म्हणून तें वाक्यही आतां विसरलें गेलें आहे.

आंधळ्या मुलाला समाजानें निदान एक वाट ठेवली होती. टाळ किंवा एकतारी घेऊन त्यानें भजन म्हणावें, देवळाच्या पायरीवर बसावें, लोकांनीं त्याला सूरदास म्हणून दोन दाणे घालावे. ही वाट मानाची नव्हती, पण ती वाट होती. आंधळ्या मुलीला तीही नव्हती. तिचें लग्न होत नसे. एकटीनें रस्त्यावर बसावें तर अब्रूचें भय. आणि आईबाप दुष्काळांत गेले असले तर तिच्यासाठीं कोठलेंच दार उरत नसे. हिंदुस्थानांतील आंधळ्यांची पहिली शाळा १८८७ सालीं अमृतसर येथें अ‍ॅनी शार्प या इंग्रज मिशनरी बाईनें काढली. मराठी मुलुखांत तसें कांहींच नव्हतें.

आतां केडगांव. केडगांव म्हटलें कीं नगरकराच्या डोळ्यांपुढें शहराला लागून असलेलें देवीचें केडगांव येतें. येथें अभिप्रेत आहे तें दुसरें, पुणें-दौंड लोहमार्गावरचें, पुण्यापासून सुमारें साठ किलोमीटरांवरचें. भिंगारच्या माणसानें नगरच्या स्थानकावर गाडींत बसून दौंडास उतरावें व पुण्याकडे जाणारी गाडी धरावी, म्हणजे थोड्या वेळांत तें लागतें. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला होता, म्हणजे पहिल्या मोठ्या दुष्काळाच्या अखेरीस. पुढचे दोन दुष्काळ रुळांच्या साक्षीनें झाले. या दुसऱ्या केडगांवीं पंडिता रमाबाईंनीं सुमारें शंभर एकर माळरान घेऊन ठेवलें होतें. विहिरी खणाव्या, फळझाडें लावावीं, आणि पुण्याच्या शारदा सदनाला त्यांतून कांहीं उत्पन्न व्हावें, इतकाच मूळचा बेत होता.

रमाबाईंचें चरित्र सुशिक्षित मराठी घरांत माहीत असतें, निदान त्यांतील वाद तरी माहीत असतात. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं मुलीला संस्कृत शिकविलें. मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत, १८७४ सालीं, आईबाप दोघेही गेले. उपासमार म्हणजे काय हें रमाबाईंना अहवालांतून कळलेलें नव्हतें. त्यांच्या चरित्रांतील दुसरी एक गोष्ट मात्र बहुधा ओझरतीच सांगितली जाते. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या त्या वैद्यक शिकण्याच्या इच्छेनें. आणि तें शिक्षण त्यांना घेतां आलें नाहीं याचें कारण त्यांना कमी ऐकूं येत असे. रोग्याच्या छातीचे ठोके ज्या कानांना ऐकूं येणार नाहींत त्यांना डॉक्टर होतां येत नाहीं, हें उघड होतें. ही उणीव वयाबरोबर वाढतच गेली. म्हणजे पुढें ज्या बाईंनीं आंधळ्यांची व पंगूंची सोय लाविली, त्यांनीं स्वतः एका इंद्रियाच्या दुबळेपणापायीं आयुष्याचा एक मार्ग बंद झालेला अनुभवला होता. त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढूं नयेत. पण ती गोष्ट नजरेआड करण्यासारखीही नाहीं.

१८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला. तेथें त्यांनीं फ्रोबेलच्या बालोद्यान-पद्धतीचा अभ्यास केला. लांकडी ठोकळे, चेंडू, विणण्याच्या पट्ट्या यांच्या साह्यानें मुलाच्या हाताला आधीं शिकवावें आणि शब्द मागून यावेत, हें त्या पद्धतीचें मर्म. डोळस मुलांसाठीं निघालेली ही पद्धति आंधळ्या मुलांना अधिकच लागू पडते, हें सांगावयास नकोच.

१८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई स्वतः मध्यप्रांतांत गेल्या. दुष्काळी छावण्यांत अनाथ मुली व तरुण विधवा कोणाच्या हातीं सांपडत आहेत हें त्यांनीं पाहिलें आणि सुमारें तीनशे जणींना घेऊन त्या परतल्या. त्याच सुमारास पुण्यांत प्लेग; इतक्या मुली शहरांत आणण्यास मनाई झाली. तेव्हां केडगांवच्या माळावर झोंपड्या उभ्या राहिल्या, आणि उत्पन्नाची शेती म्हणून घेतलेली जागा वसाहत झाली. या वसाहतीचें नांव मुक्ति. प्लेगच्या रुग्णालयांत नेलेल्या आपल्या एका मुलीच्या बाबतींत झालेल्या हेळसांडीबद्दल रमाबाईंनीं वृत्तपत्रांत जाहीर पत्र लिहिलें, आणि त्याचा गाजावाजा विलायतच्या पार्लमेंटापर्यंत गेला. एका मुलीसाठीं सरकारशीं भांडणें त्यांना जड वाटलें नाहीं.

मग १८९९-१९०० चा दुष्काळ आला. गुजराथेंत तो संवत् १९५६ चा म्हणून छप्पनिया या नांवानें आजही आठवला जातो. मुक्तींतील माणसांची संख्या वाढत वाढत दोन हजारांच्या आसपास पोंचली. दोन हजार हा आंकडा उच्चारावयास सोपा आहे. एका ब्राह्मण विधवेनें, सरकारी यंत्रणा पाठीशीं नसतांना, एका माळावर इतक्या जणींच्या दोन वेळच्या जेवणाची, पाण्याची, कपड्यांची, औषधांची व शिक्षणाची जबाबदारी घेतली, असें फोडून सांगितलें म्हणजे त्याचें वजन कळतें.

या लोंढ्यांत ज्या आल्या त्या सर्व धडधाकट नव्हत्या. आंधळ्या होत्या, वृद्ध होत्या, अपंग होत्या. अनाथालयाच्या चालकाला अशा वेळीं एक मोह होतो. जी मुलगी शिकून शहाणी होईल, कमावती होईल, तिच्यावर पैसा खर्च करावा. जिचा पुढें उपयोग नाहीं तिला दुसरीकडे पाठवावें. देणगीदारांनाही तेंच आवडतें. रमाबाईंनीं असें केलें नाहीं. वृद्ध व दुबळ्या स्त्रियांसाठीं त्यांनीं प्रीति सदन काढलें, वाईट मार्गाला लावलेल्या स्त्रियांसाठीं कृपा सदन काढलें, आणि आंधळ्यांसाठीं जें घर केलें त्याला बार्तिमी सदन असें नांव दिलें. नांव बायबलांतून आलेलें आहे. यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेला बार्तीमय हा आंधळा. लोकांनीं गप्प बस म्हणून दटावलें तरी तो ओरडतच राहिला, अशी ती कथा.

बार्तिमी सदनाचें काम कन्या मनोरमा हिच्याकडे आलें. मनोरमाबाईंचा जन्म १८८१ चा. त्या अमेरिकेंत शिकावयास गेल्या होत्या आणि परत आल्या तेव्हां विशीच्या आसपास होत्या. आंधळ्यांना ब्रेल लिपींत वाचावयास शिकविण्याची विद्या त्यांनीं हस्तगत केली होती, आणि केडगांवच्या मुलींना त्या स्वतः शिकवूं लागल्या.

ही लिपि डोळस माणसानें कधीं हातीं घेतलेली नसते, म्हणून तिच्याविषयीं थोडें अधिक सांगणें इष्ट आहे. लुई ब्रेल हा फ्रान्समधील चर्मकाराचा मुलगा. खोगिरें शिवणाऱ्या बापाचें हत्यार लागून लहानपणींच त्याचे डोळे गेले. त्यानें १८२९ सालीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. उभ्या दोन रांगांत तीन तीन, असे सहा टिंबांचे एक घर. त्यांतील कोणतीं टिंबें उठावाचीं ठेवावयाचीं यावरून अक्षर ठरतें. अशा त्रेसष्ट खुणा होतात. लिहितांना जाड कागद पट्टींत धरून टोचणीनें उजवीकडून डावीकडे टोंचीत जावयाचें. कागद उलटला म्हणजे टिंबें वर आलेलीं असतात आणि बोटानें तीं डावीकडून उजवीकडे वाचावयाचीं. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांना त्रेसष्ट खुणा पुरून उरतात. मराठींत स्वर, व्यंजनें, काना-मात्रा, जोडाक्षरें आलीं. तेथें खुणा कशा वांटून द्यावयाच्या? या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक शाळेनें आपापल्या परीनें काढलें. मिशनऱ्यांनीं सर्व पौर्वात्य भाषांसाठीं म्हणून एक पद्धति रचली. नीलकंठराय छत्रपति या अहमदाबादच्या, दृष्टि गेलेल्या डॉक्टरांनीं दुसरीच बसविली. परिणाम असा कीं एका शाळेंत शिकलेल्या आंधळ्याला दुसऱ्या शाळेंतलें पुस्तक वाचतां येईना. सर्व भारतीय भाषांना मिळून एकच भारती ब्रेल लिपि ठरली ती १९५१ सालीं. तिच्यांत ह्रस्व इकारही व्यंजनाच्या मागून येतो, ज्या क्रमानें तो उच्चारला जातो त्या क्रमानें; देवनागरी शिकणाऱ्या प्रत्येक डोळस मुलाला जो घोटाळा होतो तो आंधळ्या मुलाला होत नाहीं, ही गंमतीची गोष्ट आहे.

पण १९०० सालीं यांतलें कांहींच ठरलेलें नव्हतें. छापलेलीं ब्रेल पुस्तकें बाजारांत मिळत नव्हतीं. ज्या मुलीचीं बोटें जात्यावर आणि शेणांत राठ झालेलीं, तिच्या बोटांना कागदावरचें टिंब जाणवूं लागेपर्यंत आठवडे जात असतील. शिकविणाऱ्यानें जवळ बसावयाचें, तिचा हात हातांत धरावयाचा, बोट ओळीवरून न्यावयाचें. या विद्येंत फळा नसतो. एका वेळीं एकच विद्यार्थिनी शिकते. दोन हजारांच्या वसाहतींत, जेथें प्रत्येक तास मोजून खर्च करावा लागे, तेथें हा वेळ काढला गेला, हीच बार्तिमी सदनाची खरी कर्तबगारी होय.

वाचनाबरोबर हाताचें काम होतें. मुक्तींत माग होते, शिवणकाम होतें, तेलाचा घाणा, दूधदुभतें, शेती व पुढें छापखाना होता. आंधळ्या मुली वेताच्या खुर्च्या व टोपल्या विणूं लागल्या. भिंगारच्या विणकरालाही पटेल कीं विणकामांत बोटांची समज डोळ्यांइतकीच लागते. त्यांतल्या कांहीं जणी शिकून तयार झाल्या आणि मागून आलेल्यांना शिकवूं लागल्या. जी स्वतः उचलून आणलेली होती तिच्याकडेच दुसरी सोंपविली गेली. मुक्तीची सारी व्यवस्थाच या तत्त्वावर चालली होती. आधीच्या दुष्काळांतून आलेल्या मुली नंतरच्या दुष्काळांतून आलेल्यांच्या थोरल्या बहिणी झाल्या. पगारी नोकर ठेवावयास पैसा नव्हता, हें त्याचें एक कारण खरें. पण पैसा असता तरी रमाबाईंनीं निराळें केलें असतें असें वाटत नाहीं. आश्रित माणसाला केवळ घेणारा ठेवला कीं तो आश्रितच राहतो; त्याच्या हवालीं दुसऱ्याचें कांहीं केलें कीं त्याचें घरांतलें स्थान बदलतें. आंधळ्या मुलींचें घर वेगळें असलें तरी त्या वसाहतीपासून वेगळ्या काढलेल्या नव्हत्या. प्रार्थना, जेवण व सणवार सर्वांबरोबर.

त्याच वर्षीं, त्याच दुष्काळांतून, दुसरी एक शाळा निघाली. अमेरिकन मराठी मिशनचें मोठें कार्यक्षेत्र १८३१ पासून अहमदनगर हें होतें, आणि दुष्काळांत या जिल्ह्यांतील मिशनच्या ठाण्यांवर अनाथ मुलें गोळा झालीं होतीं. मिशनच्या मुंबईंतील अ‍ॅना मिलार्ड यांनीं १९०० सालीं आंधळ्या मुलांची शाळा सुरू केली. तीच पुढें दादरची शाळा म्हणून प्रसिद्धीस आली, आणि आज श्रीमती कमला मेहता यांच्या नांवानें आंधळ्या मुलींसाठीं चालते. मागोमाग १९०२ सालीं मुंबईंतच व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली व डॉक्टर नीलकंठराय तिचे प्रमुख झाले. ज्याचे स्वतःचे डोळे गेलेले आहेत अशा माणसाच्या हातीं आंधळ्यांच्या शाळेचीं सूत्रें देण्याइतकी दृष्टि त्या मंडळींना होती.

मग बार्तिमी सदनाचें नांव मराठी घरांत का पोंचलें नाहीं? याचें उत्तर आडपडदा न ठेवतां द्यावयास हवें. शारदा सदन १८८९ सालीं निघालें तें धर्माच्या बाबतींत तटस्थ राहण्याच्या अभिवचनावर. १८९३ सालीं तेथील मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविलें जातें असा बोभाटा झाला. केसरीनें झोड उठविली. रानडे व भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. मुक्ति तर उघड उघड ख्रिस्ती संस्था होती. टीकाकारांचा एक मुद्दा आजही खोडून काढतां येणार नाहीं. ज्या मुलीला आईबाप नाहींत, डोळे नाहींत, या दाराबाहेर दुसरें दार नाहीं, तिच्या संमतीला अर्थ किती? तिनें धर्म बदलला तो पटला म्हणून कीं दुसरें कांहीं करतां येत नव्हतें म्हणून, हें बाहेरून कोण सांगणार? रमाबाईंची श्रद्धा निर्मळ होती यांत संशय नाहीं. पण निर्मळ श्रद्धेनेंही हा प्रश्न सुटत नाहीं.

मात्र या प्रश्नाची दुसरी बाजू टीकाकारांच्या पदरांत पडते. दुसरें दार नव्हतें, तें कोणामुळें? अण्णासाहेब कर्व्यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला. १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन निघालें. दोन्ही संस्था थोर, परंतु त्यांचें क्षेत्र विधवांचें व स्त्रीशिक्षणाचें होतें. जिला कुंकूही नाहीं आणि डोळेही नाहींत तिच्याकडे पाहण्यास अवसर कोणाला झाला नाहीं. वर्तमानपत्रांत धर्मांतराच्या वादाला जितके रकाने मिळाले त्याचा शतांश वाटाही आंधळ्या अनाथ मुलींच्या वाट्यास आला नाहीं. वाद जिंकण्याची एक सोपी रीत होती. तशीच एक संस्था स्वतः काढावयाची, आणि तिच्या दारांत धर्म विचारावयाचा नाहीं. ती रीत त्या वेळीं कोणी अवलंबिली नाहीं, आणि केडगांवचें नांव निघालें कीं सभ्य घरांत विषय बदलूं लागला. अशा रीतीनें एका भांडणाखालीं एक काम गाडलें गेलें.

सदनाच्या कामाला मर्यादाही होत्या. तेथें शिकलेली मुलगी बहुधा मुक्तीच्याच आवारांत राही. वेताच्या टोपलीवर स्वतंत्र बिऱ्हाड चालवावें अशी त्या काळच्या बाजाराची स्थिति नव्हती, आणि एकट्या आंधळ्या स्त्रीला घर भाड्यानें देणारा घरमालकही मिळाला नसता. आश्रय आणि स्वातंत्र्य यांतलें अंतर केडगांवास पार करतां आलें नाहीं. आंधळ्यांना व अपंगांना शिक्षण व नोकरी यांत हक्क म्हणून वाटा देणारा कायदा भारतांत झाला तो १९९५ सालीं. त्याची जागा २०१६ च्या कायद्यानें घेतली व त्यांत एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची नोंद झाली.

१९१९ सालीं सरकारनें रमाबाईंना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलें. तोंवर त्यांची श्रवणशक्ति फार क्षीण झाली होती, आणि दिवसाचा पुष्कळ वेळ बायबलाच्या मराठी भाषांतरांत जात होता. मुक्तीचा भार मनोरमाबाईंवर टाकून निवांत व्हावें अशी सोय त्यांनीं मनाशीं लावली होती. ती फळास आली नाहीं. २४ जुलै १९२१ रोजीं, चाळिसाव्या वर्षीं, मनोरमाबाई वारल्या. बार्तिमी सदनांतील ज्या मुलींनीं आपल्या शिक्षिकेला कधीं पाहिलेंच नव्हतें, त्यांना ती माहीत होती ती हाताच्या स्पर्शानें व आवाजानें. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही राहिल्या नाहींत. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. भाषांतर त्यांनीं पुरें केलें होतें. छपाई मागाहून संपली.

मुक्ति मिशन आजही केडगांवास आहे, आणि आंधळ्या व अपंग स्त्रिया तेथें राहतात.